पेरलेला वन्स मोअर

त्या घरात आता प्रत्येक गोष्ट दोनदा बोलावी लागते. वहिनी काही म्हणतात, त्यांच्या सासूबाई, ज्यांना मी मावशी म्हणतो, कानामागे हात धरून विचारतात, "काय म्हनलीस?" आणि वहिनी तेच पुन्हा म्हणतात. मावशींचे कान वयानं गेले. वहिनींचा आवाज कशानं गेला, ते मला माहीत आहे. वहिनींच्या यजमानांना मी अजूनही घरमालकच म्हणतो. एकदा जेवताना ते हा प्रकार बघून म्हणाले, "आमच्याकडं रोजच वन्स मोअर हाय बगा." मी हसलो. हसायला नको होतं. पण न हसलो असतो तर त्यांनी का म्हणून विचारलं असतं.

मी मूळचा सांगलीकडचा. पिरंगुटच्या एका कारखान्यात नोकरी लागली तेव्हा भूगावच्या जुन्या गावठाणात या कुटुंबानं मला वरची खोली भाड्यानं दिली. जेवणही त्यांच्याकडेच. पुढे मी जवळच फ्लॅट घेतला, तरी रविवारचं ताट सुटलं नाही. घरमालकांची थोडी भातशेती मुठा गावाच्या बाजूला आहे, बाकी जमीन रस्त्यानं आणि बिल्डरनं खाल्ली. वहिनी पिरंगुटला एका शाळेत संगीत शिकवायच्या. संध्याकाळी घरी आल्या की पेटी काढून काळी चारच्या पट्टीत सूर लावायच्या आणि मी जिन्यात चप्पल न काढता तसाच उभा राहायचो. मावशी खालून ओरडायच्या, "आरं, वर जा न्हाईतर आत ये, मधी काय लोंबकळतुयास!"

जिन्यातल्या त्या उभं राहण्यातूनच माझ्या डोक्यात नाटक शिरलं.

आमच्या गावाकडे संगीत नाटक म्हणजे काय हे मी लहानपणी पाहिलेलं. पाच अंक, चाळीसेक पदं, पहाटेपर्यंत चालणारा खेळ. मी एक जुनं नाटक निवडलं. राजा विसरून जातो आणि राणी वाट पाहते, अशी साधी गोष्ट. त्याचे अडीच तास केले, मोजकी पदं ठेवली. सूत्रधाराची लांबण काढली, भाषेतले दगड फोडले. ऑर्गन वाजवायला एक निवृत्त गृहस्थ मिळाले. राणी अर्थातच वहिनी. आधी नाहीच म्हणाल्या. मावशीही म्हणाल्या, "घरची बाई तोंडाला रंग फासून नाचणार व्हय?" घरमालकांनी मात्र पहिल्या दिवसापासून वहिनींची बाजू धरली. "आये, नाचणार न्हाई, गाणार हाय. आनि राणीच हाय, मोलकरीण न्हाई."

तालमी आमच्या सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये झाल्या. पहिला प्रयोगही तिथेच. समोर बसलेले सगळे माझ्यासारखेच: कुठून कुठून नोकरीसाठी आलेले, कंपनीच्या गाडीतून उतरून थेट तिथे आलेले. तिसऱ्या अंकात राणीचं निरोपाचं पद आहे. वहिनींनी ते असं म्हटलं की ऑर्गनवाल्या काकांनी शेवटचा सूर सोडायला उशीर केला. पद संपलं. वहिनी थांबल्या. प्रेक्षकांनी बेताच्या टाळ्या वाजवल्या. कुणी मोबाईल वर धरला, कुणी खाली ठेवला. आणि सगळे पुढच्या प्रवेशाची वाट बघू लागले.

वहिनी थांबल्या होत्या त्या वन्स मोअरसाठी.

या शब्दाबद्दल दोन ओळी लिहायला हव्यात. संगीत नाटकात पद आवडलं की प्रेक्षकांतून "वन्स मोअर" अशी हाक येते आणि नटानं ते पद पुन्हा म्हणायचं असतं. ही विनंती नसते, हक्क असतो. आमच्याकडे सांगायचे, एखादं पात्र मरून पडलेलं असलं तरी वन्स मोअर आला की ते धूळ झटकून उठायचं, गायचं आणि पुन्हा मरायचं. नटाला नाही म्हणता येत नाही. ही रीत वहिनींना मीच शिकवली होती. "शेवटचा सूर सोडल्यावर घाई करू नका," मी म्हणालो होतो, "लोकांना हाक द्यायला जागा ठेवा." त्यांनी जागा ठेवली आणि ती रिकामी राहिली. मेकअप उतरवताना त्या इतकंच म्हणाल्या, "भावजी, माझं काही चुकलं का?"

चुकलं काहीच नव्हतं. समोरच्यांना रीत माहीत नव्हती. हे मी त्यांना सांगितलं असतं तरी भागलं असतं. मी त्याऐवजी उपाय केला.

कारखान्यातले माझे चार-पाच सोबती होते. पुढच्या प्रयोगाला त्यांना वेगवेगळ्या रांगांत बसवलं. खूण ठरली: ऑर्गनचा शेवटचा सूर विरला की एकानं हाक द्यायची, मग दुसऱ्यानं. आम्ही आपसात त्याला पेरणी म्हणायचो. "आज पेरणी आहे का रे?" कँटीनमध्ये कुणीतरी विचारायचं आणि आम्ही हसायचो. मी स्वतःला सांगितलं की लोकांना जुनी रीत शिकवतोय. ते खरंही होतं. शिकवलेलं पुढे कुठे जाईल, एवढंच पाहिलं नव्हतं.

पेरणी उगवली. मागून एक हाक आली, बाजूनं दुसरी, लोकांनी माना वळवल्या, हसले, आणि मग स्वतः ओरडले. विंगेतून मला वहिनींचा चेहरा दिसत होता. तो चेहरा मी लिहू शकणार नाही. त्यांनी ऑर्गनकडे पाहून मान हलवली आणि पद पुन्हा म्हटलं, पहिल्याहून सुरेल.

घरी गेल्यावर त्यांनी मावशींना सांगितलं, "आत्याबाई, लोकांनी परत म्हणायला लावलं."

मावशी तांदूळ निवडत होत्या. "का? पयल्यांदा नीट झालं न्हवतं व्हय?"

घरमालक हसून हसून भिंतीला टेकले. वहिनीही हसल्या. मीही हसलो.

त्यानंतर प्रयोग होत राहिले. सोसायट्यांच्या गणेशोत्सवात, एका शाळेच्या पटांगणात, पौडला. पेरणी प्रत्येक वेळी केली, गरज होती म्हणून नव्हे, भीती वाटायची म्हणून. आणि दर वेळी पीक जास्त यायचं. आधी एक वन्स मोअर यायचा, मग दोन. लोकांना त्यात खेळ सापडला. पोरं तर पद संपायच्या आधीच ओरडायला लागली. पौडच्या प्रयोगात एक हाक इतक्या लवकर आली की वहिनी दचकल्या. घरमालक त्या रात्री गाडी चालवताना म्हणाले, "लोकं हाकारा घातल्यागत वरडत्यात." भात तयार झालं की रानडुकरं शेतात शिरतात, तेव्हा सगळे मिळून ओरडून त्यांना हुसकावतात, तो हाकारा. त्यांनी ते कौतुकानं म्हटलं. मी त्यांच्याबरोबर मुठ्याला राखणीला गेलेलो होतो. चारी बाजूंनी आवाज उठला की जनावर कुठे पळावं ते न कळून एका जागी थरथरत उभं राहतं, हे मी पाहिलेलं होतं. मागच्या सीटवर वहिनी शाल गळ्याभोवती घट्ट ओढून झोपल्या होत्या. निदान मला तसं वाटलं.

हिवाळा लागला तेव्हा त्यांचा आवाज सकाळचा लागेनासा झाला. खडीसाखर, ज्येष्ठमध, गरम पाणी सगळं झालं. पट्टी एका स्वरानं उतरवली. एक दिवस मी कारखान्यातून निघालो तर त्या बस थांब्यावर उभ्या दिसल्या. शाळेतून थेट घरी न जाता माझ्यासाठी थांबल्या होत्या.

"काल शहरात डॉक्टरला दाखवून आले," त्या म्हणाल्या. "स्वरतंतूवर सूज आहे. आत रक्त उतरलंय म्हणे. गाणं बंद, बोलणंही कमी. नाहीतर आवाज कायमचा जाईल."

"मग प्रयोग रद्द करू," मी म्हणालो. म्हणालो, पण माझ्याच कानाला ते खरं वाटलं नाही. चार दिवसांवर पौड रस्त्यावरच्या एका लॉनवर मोठा प्रयोग होता. शहरातले दोन पाहुणे येणार होते. नाटक त्यांना आवडलं तर मोठ्या नाट्यगृहात प्रयोग लागणार होते. वहिनींनाही ते ठाऊक होतं.

"रद्द नको. घरीही काही सांगू नका, ते लगेच सगळं बंद करतील. मी हा एक करते, मग पुरी विश्रांती. एकदा म्हणायला काही होणार नाही. पण भावजी, एकदाच. वन्स मोअर आला तर तुम्ही पडदा टाका. माझ्याच्यानं नाही म्हणवत नाही. लोक एवढं मागतात, तर पाय हलत नाही तिथून. म्हणून तुम्ही टाका."

"टाकतो," मी म्हणालो.

बस आली. त्या चढल्या आणि खिडकीतून पुन्हा हातानं खूण केली: वरून खाली, पडदा.

तेव्हाच मी म्हणू शकलो असतो की वहिनी, वन्स मोअर येणारच नाही, कारण तो माझ्या हातात आहे. एवढं एक वाक्य. पण ते म्हणायचं तर आजवरचे सगळे कुठून आले, तेही सांगावं लागलं असतं. त्यांच्या त्या चेहऱ्याखालची जमीन काढून घ्यावी लागली असती. मी बसचे मागचे दिवे वळणाआड जाईपर्यंत उभा राहिलो.

लॉनवर त्या संध्याकाळी थंडी होती. खुर्च्यांवर दव पडत होतं, मागच्या डोंगराचा अर्धा कापलेला भाग दिव्यांच्या उजेडात पांढरा दिसत होता. स्टेजचा पडदा दोरीवर होता आणि ती दोरी मी स्वतःकडे घेतली होती. तिसरा अंक सुरू होण्याआधी मी मोबाईल बाहेर काढला. सोबत्यांना एक निरोप टाकायचा होता: आज पेरणी नाही. अक्षरं लिहिली. मग पडद्याच्या फटीतून पुढच्या रांगेकडे पाहिलं. पाहुण्यांतले एक जण घड्याळ बघत होते.

मी ती अक्षरं पुसली.

माझा हिशेब असा होता, आणि तो इथे जसाच्या तसा लिहितो: हाक येऊ द्यायची. पाहुण्यांच्या कानावर पडू द्यायची. मग लगेच पडदा टाकायचा. हाकही मिळेल आणि वहिनींना गावंही लागणार नाही. यात कुणाचं काही जात नाही, असं मला अगदी मनापासून वाटलं.

निरोपाचं पद त्यांनी जपून म्हटलं. वरच्या सुरांच्या जागा गाळल्या नाहीत, पण स्पर्श करून सोडल्या. ऑर्गनचा सूर विरला. मागून हाक आली. "वन्स मोअर!" बाजूनं दुसरी. पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांनी माना वळवून मागे पाहिलं आणि ते सरसावून बसले. एकानं दुसऱ्याच्या गुडघ्यावर थाप मारली.

दोरी माझ्या हातात होती. वहिनींनी विंगेकडे पाहिलं. माझ्याकडे नाही, दोरीकडे.

मी थांबलो. थोडाच वेळ, आणखी दोन हाका येईपर्यंत. पण तेवढ्यात एक दणदणीत आवाज उठला, सगळ्यांच्या वरचा, शेतातल्यासारखा. "वन्स मोअर! म्हनाच परत!" तो आवाज मी ओळखला. घरमालक खुर्चीवर उभे राहिले होते. त्यांच्यामागे सगळं लॉन उठलं. वहिनींनी नजर काढून घेतली, ऑर्गनकडे मान हलवली आणि म्हणायला सुरुवात केली.

दुसऱ्या कडव्यात वरच्या पंचमावर त्यांचं तोंड उघडं राहिलं आणि त्यातून नुसती हवा आली. ऑर्गन एकटा वाजत राहिला. त्यांनी गळ्याला हात लावला. लोकांना तो अभिनय वाटला. राणीच्या गळ्यात दुःख दाटलंय असं वाटलं. टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि त्या टाळ्यांतून पुन्हा हाका येऊ लागल्या. वन्स मोअर. वन्स मोअर. पोरं खुर्च्या आपटत होती. वहिनी मधोमध उभ्या होत्या आणि त्यांना कुठल्याच बाजूला जाता येत नव्हतं.

तेव्हा मी पडदा टाकला.

पुढचं थोडक्यात. दवाखाना, मग महिनोन्‌महिने मौन, मग एक छोटी शस्त्रक्रिया. आवाज परत आला तो पुसट, भुसभुशीत, चार पावलांपलीकडे न पोचणारा. शाळेनं त्यांना काढलं नाही, हे चांगलं. त्या पेटी वाजवतात आणि मुलं गातात. नाटक थांबलं. पाहुण्यांचा फोन आला होता, "त्या प्रसंगाला काय रडल्या हो बाई!" म्हणाले. मी फोन ठेवला.

मला कुणी काही विचारलं नाही. वहिनींनीही नाही. पडदा का टाकला नाही, हे त्यांनी एकदाही काढलं नाही. त्यांनी स्वतःपुरतं उत्तर ठरवलेलं होतं, ते एकदा त्या पुसट आवाजात मावशींना सांगताना मी ऐकलं: "लोकांना एवढं आवडलं, आत्याबाई. मागत होते. द्यायलाच हवं होतं." मावशी म्हणाल्या, "काय म्हनलीस?" आणि वहिनींनी ते पुन्हा सांगितलं. दोन्ही वेळा मी समोर बसून आमटी भुरकत होतो. एवढी एकच गोष्ट त्यांच्याकडे उरली होती की लोकांनी मागितलं होतं. ती काढून घेणं म्हणजे दुसऱ्यांदा चोरी, असं म्हणून मी गप्प राहिलो. ही सबब बरीच वर्षं पुरली असती.

गेल्या महिन्यात भात पिवळं पडलं आणि घरमालकांबरोबर मी मुठ्याला राखणीला गेलो. अंधार पडता पडता बांधापलीकडे खसफस झाली. मी ओरडण्यासाठी छाती भरली, तर ते पत्र्याचा डबा घेऊन काठीनं बडवायला लागले. डुकरं गेली. मी विचारलं, "हाकारा नाही घालत आता?"

"न्हाई."

ते काठीनं माती उकरू लागले. "भाऊ, डॉक्टरचं तिनं मला सांगितलं न्हवतं. तरी बी वरडलो ते मीच की. तुमी आत होता, तुमाला कुटं ठाव असणार. मागं दोन-चार आवाज आलं आसतील, पर खुर्चीवर चढून पयला मीच वरडलो. माज्याच तोंडानं घालवला तिचा आवाज. तवापास्नं तोंड उगडून वरडवतच न्हाई बगा."

पहिली हाक त्यांची नव्हती. हे सांगायला मला एक श्वास पुरला असता. मी म्हणालो, "थंडी वाढली, निघू या." आणि आम्ही निघालो. गाडीत डबा माझ्या मांडीवर होता, प्रत्येक खड्ड्याला वाजत होता.

त्या आवाजानं मला दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या घरी नेलं. घरमालक गिरणीवर गेले होते. वहिनी ओटीवर मेथी निवडत होत्या, मावशी शेजारी पाय पसरून. समोरच्या टेकडीवर नव्या इमारतीसाठी खडक फोडायचं काम चालू होतं, ब्रेकर थांबून थांबून धडधडत होता. मी उभ्यानंच सांगितलं. चार-पाच माणसं, वेगवेगळ्या रांगा, पेरणी हा शब्द, क्लब हाउसनंतरचा प्रत्येक प्रयोग. लॉनवर लिहिलेली आणि पुसलेली अक्षरं. दोरी. "पहिली हाक माझी होती, वहिनी," मी म्हणालो. "त्यांची नव्हे. ते मागाहून ओरडले. ते स्वतःला दोष देताहेत आणि मी देऊ दिला. आता ते आले की त्यांनाही सांगणार आहे."

वहिनींच्या हातातली काडी तशीच राहिली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दोरीकडे पाहिलं होतं तसं नाही, माझ्याकडेच. मग त्या काहीतरी म्हणाल्या. एक लांब वाक्य होतं, ओठ हलताना दिसले, शेवटी मान किंचित हलली. त्याच वेळी टेकडीवर ब्रेकर सुरू झाला आणि माझ्यापर्यंत त्यातला एक शब्दही पोचला नाही.

ब्रेकर थांबला. वहिनी मेथी निवडू लागल्या होत्या.

मावशींनी कानामागे हात धरून मला विचारलं, "काय म्हनली रं ती?"

"मला ऐकू नाही आलं, मावशी."

"मग इचार की परत," मावशी म्हणाल्या.

बाहेर घरमालकांची गाडी येऊन थांबली. मी ओटीच्या खांबाला धरून उभा होतो. पुन्हा म्हणा, असं मी जगात कुणालाही म्हणू शकलो असतो. वहिनींना नाही.